दोन मिनिटांचा थांबा

मिनिटरावांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली आणि एकतीस वर्षांत एकदाही उशीर केला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, कुणी विचारो न विचारो. न्हाव्याच्या खुर्चीत सांगायचे, दवाखान्याच्या बाकावर सांगायचे, एकदा तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेत शेजारच्याला सांगितलं आणि वर घड्याळ बघून म्हणाले, "इथेसुद्धा बारा मिनिटं उशीरच आहे." 'मिनिटराव' हे नाव डेपोतल्या सोबत्यांनी ठेवलं होतं आणि ते काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. पण मिनिटरावांनी ते पदवीसारखं लावून घेतलं.

लग्न त्यांनी केलं नाही. म्हणजे ठरलं होतं. ठरलेली मुलगी रजिस्ट्रारच्या कचेरीत नऊ मिनिटं उशिरा पोचली, तोवर हे निघून गेले होते. त्यामुळे निवृत्तीनंतर घरात माणसं दोनच, मिनिटराव आणि त्यांची थोरली बहीण आक्का. आईबाप लवकर गेल्यावर आक्कानेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्नबिग्न राहूनच गेलं होतं. तीस वर्षं ती सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. चाळीस आचारी तिच्या एका नजरेत कांदा बारीक की जाड ते ओळखायचे. अशा बाईच्या स्वयंपाकघरात मिनिटरावांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. चहा सहा दहा. न्याहारी सात पंचवीस. मोरी, आक्का, सहा चाळीस ते सहा बावन्न.

आक्काने ते वेळापत्रक शांतपणे काढलं, उलटं केलं आणि त्यावर लसूण सोलली.

आक्काला दुसरा उद्योग होता. जुना बस डेपो बंद पडला होता आणि त्याच्या मागचं आवार ओस पडलं होतं. फुटका कोबा, गंजलेलं लोखंड आणि टायरांचा डोंगर. तिथे आक्काने इस्पितळातल्या जुन्या सोबतिणी जमवून मळा केला. टायरांत माती भरून टोमॅटो लावले, फळांच्या लाकडी खोक्यांत पालक, कडेने वांगी आणि मुळे. बस धुवायची मोठी लोखंडी कमान होती, तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवला. हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की आक्काचं उत्तर ठरलेलं होतं. "तीस वर्षं मी माणसं आजारी पडल्यावर त्यांना पालक खायला घातला. आता म्हटलं, जरा आधी घालून बघावा."

तिचा रोख वरच्या वसाहतीवर होता. टेकडीवरच्या त्या नऊ इमारतींतून इस्पितळात सगळ्यात जास्त माणसं यायची. कुणाची साखर वाढलेली, कुणाचं रक्त कमी, कुणाचा रक्तदाब छताला लागलेला. वसाहतीत दुकान एकच, आणि त्यात पुडे, बाटल्या आणि बिस्किटं. तिथे हिरवं म्हणावं असं काही असलंच, तर तो एका वेफर्सच्या पुड्याचा कागद होता. ताजी भाजी आणायची तर दोन बस बदलून बाजार गाठायचा, येताना पिशव्या घेऊन टेकडी चढायची आणि बंद लिफ्टसमोर उभं राहून नशिबाला बोल लावायचा. लोक तेवढं करत नसत आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आक्काने पालिकेत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई तिला आतलं माणूस समजून फायली द्यायला लागला. शेवटी पालिकेने एक भंगारात निघालेली बस दिली, तिच्या सीटा काढून फळ्या ठोकून दिल्या आणि सांगितलं, तीन महिने चालवून दाखवा. शेवटच्या शनिवारी आमच्या मॅडम गाडीत बसून पाहणी करतील. लोक भाजी घेत असले तर बस तुमची आणि आवारही तुमचं. नाही तर आवारात पार्किंग होणार. पार्किंगवाल्यांना इतकी घाई की त्यांनी पांढऱ्या रेघा मारायला सुरुवातही केली होती. तिसरी रेघ वांग्यांच्या वाफ्याला टेकून थांबली होती.

बस मिळाली, पण चालवणार कोण? आक्काने घरातच बोट दाखवलं. भाजी लोकांपर्यंत जाईल आणि आपल्या डोक्याची कटकट सकाळी नऊला घराबाहेर पडेल, असं एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान तिला त्या दिवशी होतं. विकायला आणि वजन करायला म्हणून मिनिटरावांची जुनी कंडक्टरबाई आली. अकरा वर्षं दोघांनी एका गाडीवर काढली होती. दोघांचा एकमेकांवर फार विश्वास, कारण दोघं एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. ती घंटा मारायची, ते गाडी सोडायचे.

आणि इथेच सगळी गडबड झाली. त्यांना भाजीची गाडी दिली होती आणि त्यांनी तिची बस केली.

पहिल्या दिवशी मिनिटरावांनी इस्त्रीचा गणवेश घातला, वेळापत्रक काचेला लावलं आणि नऊ म्हणजे नऊला गाडी सोडली. सात थांबे, प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं, एक तास दहा मिनिटांत फेरी पुरी. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं. मागे पालेभाजी, मधे टोमॅटो, पुढे भोपळे. ज्याला भोपळ्याजवळ आल्यावर आठवलं की आपला पालक राहिला, त्याचा पालक राहिला तो राहिला. कंडक्टरबाई परत मागे जाऊ द्यायची नाही.

"मागे कुठे? पुढे सरका, पुढे सरका."

"अहो, पण मला तो दुसरा टोमॅटो..."

"दुसरा नाही. हाच. पुढे सरका."

ती टोमॅटो तिकिटासारखा द्यायची, वरचा पहिला निघेल तो. भाजी हातात घेऊन बघायची असते, दाबायची असते, शेंडा मोडून पाहायचा असतो, हे तिच्या गावी नव्हतं. आणि दोन मिनिटं झाली की टण्‌टण्‌. गाडी चालू. पहिल्या थांब्यावरची एक बाई घरातल्या चपला घालून मुळे निवडायला चढली, ती पुढच्या थांब्यावर उतरली. नवरा तिला शोधत रस्ताभर फिरला. तिने आता गाडीकडे नुसतं बघितलं तरी ती थांब्याचं रेलिंग घट्ट धरायची.

बाकीच्यांची गत वेगळीच. लिफ्ट बंद, त्यामुळे हॉर्न ऐकून पिशवी शोधून चार मजले उतरेपर्यंत गाडीचा धूरच तेवढा भेटायचा. माणसं गाडीमागे धावायची. मिनिटरावांना आरशात ती दिसायचीसुद्धा. पण एकतीस वर्षं त्यांनी आरशात धावणारी माणसंच पाहिली होती. झाडं असतात, खांब असतात, तशी बसमागे धावणारी माणसं असतात, त्यांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

संध्याकाळी आक्का आवाराच्या फाटकात उभी असायची. "काय रे बाळ्या, किती गेली?"

"नऊला निघालो, दहा दहाला परत. दुसरी फेरी अकरा ते बारा दहा. सेकंद इकडचा तिकडे नाही," मिनिटराव टोपी काढत म्हणायचे.

"अरे, गाडीचं नाही विचारत. भाजी."

"भाजी काय, परत आणली सगळी. जशी दिली तशी. एक देठ मोडला नाही."

परत आलेली भाजी मग आक्काच्या सोबतिणी वाटून न्यायच्या आणि उरलेली घरी यायची. पहिल्या महिन्यात दोघांनी वांग्याचं जे जे होतं ते केलं. दुसऱ्या महिन्यात वांग्याचं जे होत नाही तेही करून पाहिलं. बाथरूमच्या बादलीत मुळे, कपाटावर भोपळे. शेजारी आधी आनंदाने घ्यायचे, मग कसनुसं हसून घ्यायचे, मग आक्का दिसली की दार लावून घ्यायचे.

"लोकांना पडलेलंच नाही," मिनिटराव ताटातलं वांगं बाजूला सारत म्हणायचे. "थांब्यावर चिटपाखरू नसतं. मी वेळेवर जातो, वेळेवर निघतो. माझ्याकडून कसर नाही."

ते खोटं बोलत नव्हते. गाडी थांबायची तेव्हा थांबा खरंच रिकामा असायचा. माणसं नंतर यायची.

आक्काने मग दोष स्वतःकडेच घेतला. पालकाच्या जुड्या लहान केल्या. मग मोठ्या केल्या. टोमॅटो पुसून चकचकीत केले. मुळ्यांची माती धुतली, मग कुणी म्हणालं मातीसकट ताजे वाटतात, म्हणून परत लावली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी मिनिटराव मोजे वाळत घालायला मागे गेले, तर आक्का पायरीवर पालकाची जुडी मांडीवर घेऊन बसली होती.

"माझ्याच हातचं कुणाला नको असेल रे," ती म्हणाली. "इस्पितळात काय, बिचारे पलंगावर पडलेले. मी वाढेन ते खायचे. ते कुठे उठून जाणार होते? मला उगाच वाटत राहिलं की त्यांना आवडतं."

मिनिटरावांना गलबलून आलं. चाळीस आचाऱ्यांना धाकात ठेवणारी ही बाई स्वतःबद्दल असं काही बोलेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "साडेआठ झाले. झोप."

पाहणी शनिवारी होती. मंगळवारी आक्काने पदर खोचला आणि म्हणाली, आज मीच गाडीत येते, बघू दे मला एकदा त्या रिकाम्या थांब्यांकडे. गुडघा दुखत होता तरी चढली. पहिले तीन थांबे ती भोपळ्यांच्या फळीला धरून उभी राहिली. प्रत्येक थांब्यावर एखादं माणूस चढायचं, कंडक्टरबाई त्याला पुढे सरकवायची, टण्‌टण्‌ आणि गाडी सुटायची. आक्काच्या कपाळावर आठ्या जमायला लागल्या.

चौथा थांबा वरच्या वसाहतीचा. तिथे चौथ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. इस्पितळात त्या महिनाभर आक्काच्या हातचं जेवल्या होत्या. आक्काने एक बेताचा भोपळा उचलला, "एवढा वर देऊन आलेच," म्हणाली आणि उतरली.

नऊ सदतीसला गाडी थांबली होती. नऊ एकोणचाळीस झाले. कंडक्टरबाईने घंटेच्या दोरीला हात घातला, जरा थबकली आणि पुढच्या आरशात मिनिटरावांकडे बघितलं. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच थबकली होती. मिनिटरावांनी समोर बघितलं. नियम म्हणजे नियम. तो बहिणीसाठी वाकवायचा, तर मग एकतीस वर्षं जगासाठी ताठ कशाला ठेवला? टण्‌टण्‌. गाडी सुटली.

वळणावर त्यांनी आरशात पाहिलं. एक बाई लंगडत धावत होती. एक हात वर, दुसऱ्या हाताने भोपळा पोटाशी धरलेला. जिन्याने अर्ध्यावर जाऊनच परत फिरली असणार.

मिनिटरावांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर उचलला गेला. मग परत खाली गेला.

पुढचे तीन थांबे त्यांना काही सुचलं नाही. डेपोला पोचले, दुसरी फेरी सुरू केली आणि पुन्हा वरच्या वसाहतीशी गाडी लागली, तेव्हा थांबा रिकामा नव्हता. आक्का एका उपड्या खोक्यावर बसली होती, भोपळा मांडीवर होता आणि भोवती पंधरावीस माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन उभी होती. सगळी एकदम बोलत होती. दोन तासांत आक्काला तीन महिन्यांचं सगळं कळलं होतं.

मिनिटराव खिडकीतून म्हणाले, "चढ लवकर. दोन मिनिटं आहेत."

"खाली उतर," आक्का म्हणाली.

"ड्रायव्हर सीट सोडत नाही."

"बाळ्या. खाली उतर."

मिनिटराव उतरले. बासष्ट वर्षांचा माणूस, पण त्या आवाजाला ते सहा वर्षांचे असल्यापासून उतरत आले होते.

"ही सगळी माणसं तीन महिने तुझ्या गाडीमागे धावतायत," आक्का म्हणाली. "हे म्हणतात, दिसते पण सापडत नाही. आणि मी तिकडे मुळ्याला माती लावू का पुसू करत बसले. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण आक्का, एका माणसासाठी थांबलं की पुढच्या थांब्यावरच्या चाळीस जणांना उशीर होतो. मी काय मजा म्हणून..."

"अरे, पण कोण चाळीस जण? कुठे जायचंय त्यांना? टोमॅटोला ऑफिस गाठायचंय?"

लोक हसले. मिनिटरावांचे कान लाल झाले. बस चालवणाऱ्याचं थांबणं आणि भाजी विकणाऱ्याचं थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना ह्या घटकेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.

आक्का मात्र हसली नाही. ती भोपळ्याकडे बघत म्हणाली, "आज अठरावी वेळ."

"कसली?"

"तू नोकरीला नवीन होतास तेव्हा मी तुझा डबा घेऊन बाजाराच्या थांब्यावर यायचे. इस्पितळातून सुटून, धावत. कधी पोचायचे, कधी तू निघून गेलेला असायचास. सतरा वेळा मी डबा तसाच घरी नेलाय. मोजल्यात मी."

ते दिवस मिनिटरावांच्या चांगले लक्षात होते. ज्या ज्या दिवशी डबा नव्हता, त्या दिवशी त्यांनी बिस्किटांवर भागवलं होतं आणि रात्री तोंड फुगवून बसले होते. आक्का विसरली, असंच त्यांनी धरलं होतं. इतकी वर्षं.

"मला वाटलं तू आलीच नाहीस," ते म्हणाले.

"मी आरशात होते," आक्का म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

मधले तीन दिवस आक्काने गाडी बाहेरच काढू दिली नाही, आणि शनिवारी पाहणीच्या मॅडम आल्या. हातात पाटी, पाटीला कागद, कागदावर रकाने. पहिल्या रकान्यावर मिनिटरावांची नजर गेली. 'सेवा वेळेवर होते काय?' तीन महिन्यांत भाजी खपली नव्हती, पण हा एक रकाना त्यांनी राखला होता. तो आज त्यांच्याच पायाने जायचा होता.

"मला साडेदहाला बैठक आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फार वक्तशीर आहात असं ऐकलंय."

"होतो," मिनिटराव म्हणाले.

पहिल्या थांब्यावर दोन मिनिटं झाली तशी कंडक्टरबाईचा हात सवयीने दोरीकडे गेला. दोरी आक्काने सकाळीच कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरून टाकली होती. हात कोथिंबिरीवर पडला, तशी कंडक्टरबाईने एक जुडी सोडवून समोरच्या बाईला दिली आणि पाहुण्यासारखी उभी राहिली. तीन मिनिटं झाली. चार झाली. मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं, मग परत पाहिलं. शेवटी न राहवून ते पहिल्यांदाच मागे वळून बघायला लागले.

त्यांनी आयुष्यभर समोरचा रस्ता पाहिला होता आणि आरशातली धावपळ. गाडीच्या आत काय चालतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. एक बाई टोमॅटो उचलून कानाशी नेत होती. का, देव जाणे. एक म्हातारा वांग्याला नख लावून बघत होता आणि कंडक्टरबाई दातओठ खाऊन ते सहन करत होती. रेलिंगवाली बाई एका हाताने दांडा पकडून दुसऱ्या हाताने पालक निवडत होती. दोन बायका एकाच मुळ्याला धरून "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत होत्या आणि सोडत कुणीच नव्हती. आक्का मधोमध उभी राहून पालक कसा शिजवायचा, मीठ किती कमी घालायचं ते सांगत होती आणि लोक ऐकत होते. पलंगावर न पडताही ऐकत होते.

वरच्या वसाहतीशी पोचले तेव्हा गाडी सत्तावीस मिनिटं उशिरा होती. मॅडम घड्याळ बघत होत्या. आक्काने मंगळवारीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शनिवारी गाडी थांबणार आहे, पण त्यावर विश्वास कुणाचाच नव्हता. हॉर्न वाजला तशी माणसं नेहमीसारखीच धावत सुटली. एक गृहस्थ तर अर्ध्या गालाला साबण लावलेले आले. खाली पोचून बघतात तर गाडी उभी. सगळे धापा टाकत तिच्याकडे बघत राहिले. तीन महिन्यांत दाराशी पोचल्यावर दार उघडं मिळण्याची सवयच नव्हती कुणाला.

"चढा ना," मिनिटराव म्हणाले. "गाडी जात नाही कुठे."

आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. थांब्यावर इंजिन बंद करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. इतकी शांतता झाली की मुळ्याचं पान मोडल्याचा आवाज आला.

मग जी झुंबड उडाली ती उडाली. चौथ्या मजल्यावरच्या आजी अकराव्या मिनिटाला खाली पोचल्या, भोपळा घेतला, पुढच्या दाराने उतरल्या आणि जरा विचार करून त्याच दाराने परत चढल्या. कंडक्टरबाईने डोळे मिटून घेतले.

"हा जून वाटतो. कोवळा द्या," आजी म्हणाल्या.

कोवळा मिळाला. आक्का त्यांची पिशवी घेऊन त्यांना वर सोडायला गेली. हळूहळू फळ्या रिकाम्या झाल्या, माणसं पांगली. साबणवाले गृहस्थ वाळलेल्या साबणाचा गाल घेऊन वांगी मिरवत गेले. मॅडमच्या पाटीखाली एक पिशवी दिसत होती, तिच्यातून मुळ्यांची पानं बाहेर आली होती.

"झालं ना सगळं?" मॅडम म्हणाल्या. "निघू या. माझी बैठक गेलीच म्हणा, पण तरी."

मिनिटरावांनी कागदावरच्या पहिल्या रकान्याकडे पाहिलं. मग इमारतीच्या दाराकडे.

"आक्का वर आहे," ते म्हणाले.

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही." हे दोन शब्द त्यांनी वेळेबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले.

ते सीटवर नीट बसले आणि आरशात बघत राहिले. पाच मिनिटं गेली. सात गेली. मग दारात आक्का दिसली. तिने आधी पदर खोचला, धावायच्या तयारीने. मग मान वर करून पाहिलं. गाडी उभी होती. आक्का तिथेच क्षणभर थांबली, पदर परत सोडला आणि गुडघा सांभाळत चालायला लागली. एकतीस वर्षांत आरशात बसकडे चालत येणारं माणूस मिनिटरावांनी पाहिलं नव्हतं. त्यांना समोरचं धुरकट दिसायला लागलं. त्यांनी काच पुसली, पण काच स्वच्छच होती.

ते सीट सोडून खाली उतरले आणि तिला हात दिला.

"किती उशीर झाला रे?" आक्काने विचारलं.

"होऊ दे," मिनिटराव म्हणाले.

डेपोला पोचल्यावर मॅडमनी रकाने भरले. पहिल्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग बाहेर जाऊन पार्किंगवाल्यांच्या माणसाला सांगितलं की तुमच्या रेघा पुसायला घ्या, आधी वांग्यांजवळची. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "सोमवारपासून नवं वेळापत्रक हवं. थांबे लांब ठेवा. तुम्हीच करा."

वेळापत्रक करायला मिळणार म्हणून मिनिटरावांना आतून उकळ्या फुटल्या, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. रोजची नोंदवही त्यांनी पुढे ओढली. अशा वह्यांत एकतीस वर्षं एकच शब्द होता, 'वेळेवर', ओळीखाली ओळ. आज त्यांनी लिहिलं, 'उशीर, बावन्न मिनिटे.' त्यापुढे कारणाची जागा होती आणि तीन कारणं छापलेली होती, त्यांतलं एक ठेवून बाकीची खोडायची. बिघाड, अपघात, वाहतूक कोंडी.

मिनिटरावांनी तिन्ही खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'आक्का यायची होती.'